मिठावर घातलेले रूळ

लोंढ्याहून गोमंतकात उतरणाऱ्या आगगाडीचे नाव काढले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दूधसागर उभा राहतो. ते साहजिकच आहे. सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा प्रपात आणि त्याच्या ऐन मध्यावर, तुषारांत न्हाऊन निघणारा आगगाडीचा पूल, हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. परंतु या लोहमार्गाचा इतिहास चाळू लागले, तर त्याचा उगम या डोंगरात किंवा या पाण्यात सापडत नाही. तो सापडतो खाली, खाडीकाठच्या मिठागरांत. मिठाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या पैशावर हा मार्ग उभा राहिला. आणि ज्या प्रदेशाचे मीठ त्यात खर्ची पडले, त्या प्रदेशाच्या पदरात त्यातून काय पडले, हा प्रश्न गेली सव्वाशेहून अधिक वर्षे पुनःपुन्हा विचारला गेला आहे. त्या प्रश्नाच्या अनुरोधानेच या मार्गाची हकिकत सांगावी असा येथे विचार आहे.

मार्ग तसा लांबीने मोठा नव्हे. मुरगाव बंदरापासून सरहद्दीवरील कॅसलरॉकपर्यंत एकंदर ५१ मैल, म्हणजे सुमारे ८२ किलोमीटर. बंदर सोडल्यावर वास्को, दाबोळी, कासावली, माजोर्डा अशी साष्टी-मुरगावची नारळी-पोफळींची गावे घेत तो मडगावला येतो. तेथून चांदर, हे चांदर म्हणजे भोजांची व पुढे कदंबांची राजधानी असलेले प्राचीन चंद्रपूर. मग कुडचडे-सावर्डे, काले आणि कुळे. येथवर जमीन सपाट. कुळ्यापासून मात्र सह्याद्री सुरू होतो, आणि पुढचे सुमारे २६ किलोमीटर गाडीला घाट चढावा लागतो. दूधसागर आणि करंझोळ ही स्थानके याच चढणीवरची. या घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्यावरून ब्रागांझा घाट असे नाव पडले. वर कॅसलरॉक, १९६१ पर्यंत तेथे एक राज्य संपत असे व दुसरे सुरू होत असे.

एवढ्याशा मार्गासाठी दोन युरोपीय सरकारांना तह का करावा लागला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

मुरगावचे बंदर निसर्गतःच उत्तम. जुवारीच्या मुखाशी भूशिराच्या आडोशाला ते वसलेले आहे. पोर्तुगीजांना त्याचे महत्त्व फार आधीपासून ठाऊक होते. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने जुने गोवे हादरले, तेव्हा फिरंग्यांनी आपली राजधानीच उचलून मुरगावास न्यावयाचा घाट घातला होता व त्यासाठी तेथे बांधकामेही सुरू केली होती. तो बेत शेवटास गेला नाही. बंदर होते, पण बंदराला पाठीमागून पोसणारा मुलुख नव्हता. मागे सह्याद्रीची भिंत, आणि भिंतीपलीकडचा मुलुख परक्यांचा.

असे असले तरी ही भिंत अभेद्य नव्हती. अनमोड, तिनई, रामघाट, चोर्ला अशा घाटवाटा होत्या आणि त्या वाटांनी वंजाऱ्यांचे, लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ये-जा करीत. वरून धान्य उतरे, खालून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी चढे. या व्यापाराला तारीख-वार नव्हता. पावसाळा संपला की वाटा वाहू लागत व पहिला वळीव पडला की थांबत. घाटमाथ्यावरच्या माणसाला समुद्र ठाऊक होता तो मिठाच्या रूपाने. घाटांचे अर्थकारण म्हणतात ते मुख्यतः मिठावर चालत होते.

आणि नेमकी याच मिठाकडे इंग्रजांची नजर वळली.

मिठावरचा कर हे हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन. पण हा कर निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या दराने घेतला जाई, आणि स्वस्त मीठ महाग प्रांतात चोरून जाऊ नये म्हणून सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची एक अजस्र रेषा आखली होती. कित्येक मैल तर काटेरी झाडांचे जिवंत कुंपणच वाढविलेले होते व त्यावर हजारो शिपाई पहारा करीत. हा खर्च आणि हा जुलूम दोन्ही डोईजड झाले, तेव्हा सरकारने दुसरा मार्ग पत्करला. मीठ जेथे तयार होते ती ठिकाणेच ताब्यात घ्यावयाची, तेथेच कर वसूल करावयाचा आणि अंतर्गत कुंपण काढून टाकावयाचे. राजपुतान्यातील संस्थानिकांशी करार होऊन सांभर सरोवराचे मीठ ताब्यात आले. १८७९ साली ती अंतर्गत जकातरेषा मोडण्यात आली.

मग राहिला कोण? पश्चिम किनाऱ्यावरचा गोमंतक. तेथील मीठ स्वस्त, मुबलक आणि इंग्रजी कायद्याच्या कक्षेबाहेरचे. शेजारच्या कारवार, बेळगाव भागात ते गेले की कराचे सारे गणित बिघडावयाचे. तेव्हा गोमंतकाची मिठागरे हाती आल्यावाचून ही योजना पुरी होणार नव्हती.

पोर्तुगालची गरज वेगळी होती. एके काळी पूर्वेकडची रोम म्हणून गाजलेल्या गोव्याला आता पोट भरण्याचीच विवंचना होती. बंदर ओस, तिजोरी रिकामी. लिस्बनमधील काही मुत्सद्द्यांना वाटे, की मुरगाव आगगाडीने दख्खनशी जोडले, तर धारवाड-हुबळीचा कापूस, बल्लारीकडचे धान्य आणि सबंध दक्षिण मराठा मुलखाचा व्यापार या बंदरात उतरेल. अंतराचा हिशेब त्यांच्या बाजूने होता. हुबळीहून मुंबई कोठे आणि मुरगाव कोठे!

या दोन गरजांच्या गाठीतून २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे तह झाला. पोर्तुगालच्या वतीने परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्वु यांनी व इंग्लंडच्या वतीने रॉबर्ट मोरिए यांनी त्यावर सह्या केल्या. १८८० च्या जानेवारीपासून तो अमलात आला. मुदत बारा वर्षांची. तहाने गोमंतक आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधल्या खुष्कीच्या जकाती उठल्या. गोमंतकातील मिठाच्या उत्पादनाचा व व्यापाराचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. अबकारीची, म्हणजे माडीच्या व दारूच्या कराची पद्धतही इंग्रजी धर्तीवर आली. इतकेच नव्हे, तर पोर्तुगीज राजाचे चित्र असलेला नवा रुपयाही इंग्रजी रुपयाच्या वजनाचा व किमतीचा पाडण्यात आला. या सर्वांच्या बदल्यात इंग्रजांनी पोर्तुगीज सरकारला दर साल चार लाख रुपये द्यावयाचे होते. आणि मुरगावपासून सरहद्दीपर्यंत लोहमार्ग पोर्तुगीजांनी बांधावा, सरहद्दीपासून पुढे इंग्रजांनी तो आपल्या जाळ्यास जोडावा, असे ठरले.

आता या चार लाखांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. लोहमार्ग बांधण्यास पोर्तुगीज सरकारजवळ भांडवल नव्हते. १८८१ मध्ये लंडनमध्ये 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे' नावाची कंपनी निघाली. तिच्या नावातील 'गॅरंटीड' हा शब्द शोभेचा नव्हे. भागधारकांना ठरावीक व्याज मिळेलच, गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, अशी हमी सरकारने दिलेली होती. आणि या हमीसाठी तारण काय, तर इंग्रजांकडून येणारे ते मिठाचे वार्षिक चार लाख रुपये. म्हणजे मीठ गोमंतकाचे, मक्ता इंग्रजांचा, त्याचा मोबदला लंडनच्या भागधारकांच्या व्याजापोटी बांधलेला, आणि जोखीम पोर्तुगीज तिजोरीची. पर्यायाने ज्यांच्याकडून ती तिजोरी भरली जाई त्या रयतेची. हिंदुस्थानातील इतर रेल्वे कंपन्याही अशाच हमीवर उभ्या होत्या, परंतु एका जिनसेच्या बदल्यात एक लोहमार्ग, असा इतका उघड सौदा क्वचितच आढळेल.

बांधकामाला लौकरच प्रारंभ झाला. सपाटीवरचा भाग भराभर उरकला. १८८७ च्या आरंभी मुरगावपासून सावर्ड्यापर्यंत गाडी धावू लागली. घाटाचे काम मात्र अवघड. येथे चढण सदतीसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर. आजही अशा चढणीवर आगगाडीला पुढच्या एंजिनाबरोबर मागून रेटा देणारी एंजिने लावावी लागतात. डोंगर फोडून बोगदे पाडावयाचे, ओढ्यांवर पूल घालावयाचे, आणि हे सारे अशा रानात, की जेथे पावसाळ्याचे चार महिने पाऊस उसंत घेऊ देत नाही आणि पावसाळ्यानंतर हिवताप माणसाला सोडीत नाही. ज्या मजुरांनी हा घाट फोडला त्यांची नावे इतिहासाने ठेवलेली नाहीत. नाव राहिले ते राजघराण्याचे.

सरहद्दीपलीकडे इंग्रजांच्या बाजूनेही काम चालू होते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन आणि कर्नाटक होरपळून निघाले होते. धान्य पोहोचविण्यास साधन नसल्यामुळे माणसे कशी मरतात हे सरकारने पाहिले होते. दुष्काळी भागात आगगाड्या न्याव्यात, या विचाराला त्यानंतर जोर चढला आणि १८८२ मध्ये 'सदर्न मराठा रेल्वे' कंपनी स्थापन झाली. तिच्या नावात 'मराठा' आहे, कारण बेळगाव-धारवाड-विजापूरच्या त्या टापूला इंग्रज दफ्तरांत दक्षिण मराठा मुलुख म्हणत. याच कंपनीने हुबळी-धारवाडकडून लोंढ्यावरून कॅसलरॉकपर्यंत रूळ आणले, आणि पुण्याहून मिरज, बेळगाव घेत लोंढ्यास मिळणारा मार्गही तिचाच. दोन्ही बाजूंचे रूळ मीटर मापाचे होते. १८८८ मध्ये घाटाचा मार्ग खुला झाला व दख्खनचे पठार प्रथमच रुळांनी मुरगावच्या धक्क्याशी जोडले गेले.

आता तारखांकडे लक्ष द्यावे. तह बारा वर्षांचा. १८८० ते १८९२. मार्ग पुरा झाला १८८८ मध्ये. ज्या खुल्या सरहद्दीच्या भरवशावर एवढा खटाटोप केला, ती सरहद्द आगगाडीच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आली. दरम्यान तहाविरुद्ध गोमंतकात असंतोष माजला होता. मिठागरांवर निर्बंध आल्याने कित्येकांच्या चुली थंडावल्या. माडावरच्या करामुळे रेंदेरांची, म्हणजे माडी काढणाऱ्यांची कंबर मोडली. १८९२ च्या जानेवारीत मुदत संपली आणि तहाचे नूतनीकरण झाले नाही. जकाती पुन्हा आल्या. मिठाचे चार लाखही बंद झाले. राहिली ती हमी. मिठाच्या पैशावर बांधलेल्या लोहमार्गाचे व्याज आता मिठाचा पैसा नसताना भरावयाचे होते.

मुरगाव मुंबईशी टक्कर देईल ही आशाही फोल ठरली. नकाशावर हुबळी मुरगावला जवळ असेल, पण व्यापार नकाशावरच्या अंतराने चालत नाही. मुंबईत पेढ्या होत्या, बँका होत्या, गिरण्या होत्या, सर्व जगाच्या आगबोटी लागत होत्या. मुरगावला एक धक्का होता व त्याच्या वाटेवर जकातीचा नाका होता. इंग्रज सरकारला आपल्या बंदराचा माल परक्याच्या बंदरात जाऊ देण्यात स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. मार्ग तोट्यात चालला. विसाव्या शतकाच्या आरंभी तर त्याचा कारभारच सदर्न मराठा कंपनीकडे चालवावयास देण्यात आला. पोर्तुगीज भूमीवरील आगगाडी अशा रीतीने इंग्रजी कंपनीच्या हाती चालू लागली. पुढे १९०८ मध्ये 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, तरी तीच व्यवस्था राहिली.

मग या गाडीने नेले तरी काय? तिने माणसे नेली.

ज्यांनी तह केला त्यांच्या हिशेबात हे कलम नव्हते. माल खाली यावा व बंदर भरावे म्हणून रूळ घातले. प्रत्यक्षात त्या रुळांवरून गोमंतकातील माणसे वर गेली. मिठागर सुटलेला, माड सुटलेला, शेतीत न भागणारा माणूस तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून मडगावला गाडीत बसू लागला. गोमंतकातून मुंबईस जाणे पूर्वीही होते, आणि पणजीहून आगबोटीची वाटही चालूच होती. परंतु आगबोट पावसाळ्यात बंद पडे, आगगाडी बारमहा होती. लोंढ्यावरून बेळगाव, मिरज, पुणे आणि शेवटी मुंबई. आचारी, बटलर, शिंपी, पाववाले, खलाशी, बँडवाले, कारकून, आया; आणि मुंबईतून पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या नावांचे 'कूड' उभे राहिले. गावचा माणूस शहरात आला, की त्याला तेथे पथारी आणि ट्रंक ठेवण्यास जागा मिळे. याच १८९२ साली मुंबईत कोकणी 'तियात्र' प्रथम रंगमंचावर आले. ज्या वर्षी तह संपला, त्या वर्षी गोमंतकाबाहेरच्या गोमंतकाला आपले नाटक असावे इतकी त्याची वस्ती भरली होती.

हिंदू गोमंतकीयांचीही ये-जा या मार्गाने वाढली. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा, नागेशी या दैवतांचे कुळावी बेळगाव, कोल्हापूर, मुंबईकडे विखुरलेले. जत्रेला येणे आता पूर्वीइतके दुर्घट राहिले नाही. गाण्याबजावण्यात वाढलेल्या मुलामुलींना मिरज, कोल्हापूर, पुणे ही गावे जवळ आली. मराठी पुस्तके व वर्तमानपत्रे यांचे गठ्ठे येऊ लागले. गोमंतकातील मराठी वाचकाला पुण्या-मुंबईच्या चळवळींशी बांधून ठेवणारे जे धागे होते, त्यांत ही आगगाडी होती. गावागावांतून मनिऑर्डरी येत. त्या रकमांवर घरांवर कौले चढली, मुलींची लग्ने झाली. लोहमार्गाच्या ताळेबंदात ही रक्कम कोठेच दिसत नाही. परंतु गोमंतकाला या मार्गाचा जो लाभ झाला तो एवढाच, आणि जी हानीही झाली ती हीच, असे म्हणावयास हरकत नाही. कारण परतीच्या गाडीत पैसा येत होता, पण कर्ती माणसे येत होती ती सुटीपुरती.

सरहद्दीचे स्वरूपही या गाडीने बदलले. घाटवाटांना हजार तोंडे होती; रुळाला एकच. कॅसलरॉकला इंग्रजांचा तपासणी-नाका, कुळ्याला पोर्तुगीजांचा. उतारूंनी सामान उघडून दाखवावयाचे, गाडी तोवर खोळंबून राहावयाची. राज्यकर्त्यांना प्रजेवर नजर ठेवण्यास याहून सोयीची जागा कोणती? १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावच्या सभेत नागरी स्वातंत्र्याची मागणी करून गोमंतकात ठिणगी टाकली. त्यांना बाहेर घालविण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते पुन्हा आले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना पकडले ते कुळे स्थानकावरच.

तत्पूर्वी महायुद्धाच्या काळात या तटस्थ बंदराला काही काळ भलतेच महत्त्व आले होते. मुरगावच्या आश्रयाला येऊन राहिलेली जर्मन जहाजे मार्च १९४३ मध्ये इंग्रजांच्या गुप्त छाप्यानंतर बुडाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'ग्रिप्सहोल्म' आणि 'तेइया मारू' ही जहाजे येथे धक्क्याला लागली व अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या ताब्यातील नागरिकांची अदलाबदल केली. शत्रूंनी येथे आपली माणसे हवाली करावीत, कारण हे बंदर दोघांचेही नव्हते. दख्खनचा कापूस यावा म्हणून जे बंदर सजविले, त्याने जगाच्या इतिहासात नोंद मिळविली ती अशी.

हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि प्रश्नाला वेगळे वळण लागले. १९५१ मध्ये जुन्या कंपनीचे मार्ग दक्षिण रेल्वेत समाविष्ट झाले. म्हणजे पोर्तुगीज मुलखात जाणारी गाडी आता स्वतंत्र भारताची होती. १९५४-५५ मध्ये गोवामुक्तीच्या लढ्याने पेट घेतला. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापट व नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रह्यांच्या तुकडीसह सरहद्द ओलांडली, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही पत्रादेवी, कॅसलरॉक अशा अनेक ठिकाणांहून आत शिरले. कॅसलरॉककडचे सत्याग्रही निघाले ते रुळांच्याच वाटेने. त्या दिवशी पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली. गाडी थांबली. सत्तर वर्षे कमीअधिक प्रमाणात चाललेला हा मार्ग कॅसलरॉक आणि कुळे यांच्यामध्ये निर्जीव होऊन पडला.

नाकेबंदीने गोमंतक उपाशी मरेल असा पुष्कळांचा अंदाज होता. तसे झाले नाही, याला कारण जमिनीखालचे लोखंड. महायुद्धानंतर गोमंतकातील लोहखनिज जपान व युरोपकडे जाऊ लागले होते. त्या पैशावर पाकिस्तानातून तांदूळ, हॉलंडहून बटाटे व सिलोनचा चहा मुरगावला उतरू लागला. दाबोळीचा विमानतळ १९५५ मधलाच. लोहमार्गाचा आतला तुकडा, सावर्ड्यापासून बंदरापर्यंतचा, पोर्तुगीजांनी स्वतः चालविला. शेजाऱ्याशी संबंध तोडलेला हा मार्ग आता खाणीपासून समुद्रापर्यंतच धावत होता. माणसांचा भाग त्यातून पुसला गेला होता. ज्यांची मुले मुंबईत होती, त्या आईबापांना मुलाचे तोंड दिसणे दुर्मिळ झाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला आणि तपासणी-नाके गेले. गाडी पुन्हा घाट उतरू लागली. १८७८ मध्ये ज्या गोष्टीसाठी मीठ द्यावे लागले होते, ती म्हणजे दख्खन आणि मुरगाव यांमधली मोकळी वाट, ती आता कोणत्याही तहावाचून मिळाली. आणि मग, तब्बल ऐंशी वर्षांनी, जुन्या मुत्सद्द्यांचा तर्क खरा ठरू लागला. बल्लारी-होस्पेटचे खनिज खरोखरच या मार्गाने मुरगावला उतरू लागले. १९९० नंतरच्या दशकात मीटर माप जाऊन रुंद रूळ आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईच्या उतारूला लोंढ्याचा वळसा घेण्याची गरज उरली नाही. माणसे किनाऱ्याच्या मार्गाने जाऊ लागली. घाटाच्या मार्गाचा भर मालावर आला. मुरगावला उतरणारा परदेशी दगडी कोळसा याच घाटाने कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे चढतो.

येथे जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. मालाची वाहतूक वाढावी म्हणून मार्ग दुपदरी करण्याची योजना आली. किनाऱ्यावरच्या गावांतून रुळालगतच्या घरांवर कोळशाची धूळ बसते ही तक्रार होतीच. १८८७ मध्ये ज्या चांदरातून पहिली गाडी गेली, त्याच चांदरात नोव्हेंबर १९२० नव्हे तर नोव्हेंबर २०२० मध्ये शेकडो लोक मेणबत्त्या व वाद्ये घेऊन रात्रभर रुळांवर उभे राहिले. घाटात प्रश्न होता रानाचा. मोलेचे राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य यांतून हा मार्ग जातो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या भागाच्या दुपदरीकरणास वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. परिणामांचा नीट अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणण्याची वाट मात्र मोकळी ठेवली.

सरहद्द गेली, राजे गेले, कंपनी गेली. तरी वाद तोच आहे, हे थोडे नवलाचे वाटेल. परंतु मला वाटते, की यात नवल नाही. १८७८ च्या तहावर सही करणाऱ्या दोन्ही पक्षांनी हिशेब मांडला तो दोन टोकांचा. हुबळीचा कापूस आणि मुरगावची जहाजे. मधल्या ८२ किलोमीटरांत राहणाऱ्या मीठवाल्याचा, रेंदेराचा, तांडेवाल्याचा हिशेब कोणी विचारला नाही. त्यांना भोगावे लागले ते निमूटपणे, किंवा गाव सोडून. चांदरच्या लोकांनी मागितले ते हेच, की या वेळी मधल्यांनाही विचारावे. त्यांचे म्हणणे सर्वांशी बरोबर आहे की कसे, याबद्दल मतभेद होऊ शकतील. कोळशावाचून पोलाद नाही, आणि पोलादावाचून रूळही नाहीत, असे उत्तर देणारे आहेत व तेही काही खोटे बोलत नाहीत. पण विचारण्याचा हक्क त्यांचा आहे, याविषयी दुमत असू नये.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात. हा लोहमार्ग गोमंतकाच्या मिठावर उभा राहिला. त्याने गोमंतकाच्या मुलांना पोटासाठी जगभर पोहोचविले; त्यांच्या मनिऑर्डरी व त्यांची मराठी-कोकणी नाटके-गाणी घाटावरून ने-आण केली; सत्याग्रह्यांना वाट दाखविली. तेवढ्यापुरता तो जागला. बाकीचे देणे राहिले आहे, आणि ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे, हे ठरविताना या वेळी तरी गोमंतक एका बाजूला सही करण्यास बसलेला असावा.